पंधरा दिवसांनी म्हणजे चौदा

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात मी हजेरी आणि पगाराचं काम बघतो. पगार एक आड एक शनिवारी. २०२६ च्या तारखा काढायला ऑफिसातल्या नव्या मुलाला सांगितलं, "३ जानेवारी पहिली धर, पुढं दर पंधरा दिवसांनी." त्यानं एक्सेलमध्ये वरच्या तारखेत १५ मिळवले, फॉर्म्युला खाली ओढला आणि यादी भिंतीवर लावली. कांडी भरणाऱ्या मावशींनी त्यावरून बोट फिरवलं. "ओ अण्णा, अठराला तर रविवार. कारखाना बंद, मग पगार कोण देणार?"

पोरानं माझा शब्द तंतोतंत पाळला होता. आपण बोलताना दिवस मोजतो तेव्हा दोन्ही टोकं धरतो. या शनिवारपासून पुढचा शनिवार बोटांवर मोजा, आठ भरतात. 'आठवडा' या शब्दातच आठ आहे, आणि दोन आठवड्यांना आपण 'पंधरा दिवस' म्हणतो. एक्सेल टोकं मोजत नाही, अंतर मोजतं. तिथं ७ किंवा १४ च मिळवायचे.

तारखेत असे दिवस मिळवता येतात, कारण एक्सेलच्या लेखी तारीख हा नुसता आकडा असतो. १ जानेवारी १९०० म्हणजे १ आणि ३ जानेवारी २०२६ म्हणजे ४६०२५. सेलचा फॉरमॅट 'नंबर' केला की हाच आकडा दिसतो. त्याला ७ ने भागा: ६५७५, बाकी शून्य. आपल्या काळातल्या कुठल्याही शनिवारी हेच घडतं. यामागे एक जुनी चूक आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तरी लोटस १-२-३ या प्रोग्रॅमनं त्यात २९ फेब्रुवारी धरली, आणि त्याच्याशी हिशेब जुळावा म्हणून एक्सेलनंही ती ठेवली. तो न उगवलेला दिवस मोजला नसता तर शनिवारची बाकी ६ आली असती. मला ही गोष्ट फार आवडते.

बाकी काढणारं फंक्शन म्हणजे मॉड. कुठल्याही तारखेतून पहिल्या पगाराची तारीख वजा करा आणि मॉडनं १४ ची बाकी काढा. शून्य आली की त्या दिवशी पगार.

महिन्याच्या पगाराला ईडेट वापरतात, म्हणजे तारीख हवे तितके महिने पुढं नेणारं फंक्शन. त्यात ३१ जानेवारीपुढं २८ फेब्रुवारी येते. तिच्यावरूनच पुढची काढली तर २८ मार्च येते आणि ३१ तारीख कायमची हातची जाते. म्हणून दरवेळी मूळ तारखेपासून १, २, ३ महिने पुढं जायचं.

१४ मिळवून वर्षात २६ पगार निघाले; जानेवारी आणि ऑगस्टमध्ये तीन-तीन. ऑगस्टमधला मधला पगार नेमका १५ तारखेला, म्हणजे सुट्टीच्या दिवशी. तो अलीकडे घ्यायला वर्कडे, म्हणजे सुट्ट्या वगळून दिवस मोजणारं फंक्शन, लावलं तर सगळेच पगार शुक्रवारी सरकतात, कारण ते शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी धरतं. आमच्याकडं शनिवारी माग चालू असतात. त्यासाठी वर्कडे डॉट इंटल आहे: आधी तारीख अधिक १, मग उणे १ म्हणजे तिथून कामाचा एक दिवस मागं, मग आठवडी सुट्टीचा कोड ११ म्हणजे फक्त रविवार, आणि शेवटी बाकीच्या सुट्ट्यांची यादी. उत्तर आलं १४ ऑगस्ट, शुक्रवार.

नवी यादी लावली तेव्हा मावशींचं बोट ७ नोव्हेंबरवर थांबलं. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. "हे बरं झालं," म्हणाल्या आणि कांड्या भरायला गेल्या.