खवट वेगळं, नासलेलं वेगळं

आजी माक्याचं तेल कढवायची, तेव्हा शेवटच्या अर्ध्या तासात चुलीपुढून हलायची नाही. कढईतला चोथा चमच्याने काढायचा, जरा निवला की बोटांत वळून त्याची वात करायची आणि ती निखाऱ्यावर धरायची. चट् चट् वाजली की कढई आचेवर तशीच. वात न वाजता पेटली की तेल खाली उतरायचं. आयुर्वेदात तेलपाकाची जी लक्षणं सांगितली आहेत, त्यांत ही खूण जशीच्या तशी आहे. वाजतं ते पाणी. पाणी पुरतं आटलं की जिवाणूंना आणि बुरशीला त्या तेलात वाढता येत नाही.

शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात तर मुदतीही दिल्या आहेत. चूर्णाचा गुण 2 महिन्यांनी उतरतो, तूप-तेलांचा 4 महिन्यांनंतर, गोळ्या आणि अवलेह, म्हणजे चाटून घ्यायची औषधं, वर्षभर चालतात. आसवं, म्हणजे आंबवून केलेली औषधं, मात्र जितकी जुनी तितकी चांगली. आंबताना तयार झालेलं मद्य त्यांना राखतं. डब्यावर तारीख छापण्याच्या कितीतरी शतकं आधीचा हा विचार आहे.

आपल्याकडची बहुतेक घरगुती प्रसाधनं याच समजुतीवर उभी होती. नागरमोथा, वाळा, आंबेहळद, गुलाबाच्या पाकळ्या कडकडीत वाळवून उटणं कुटायचं आणि त्यात दूध किंवा तेल घालायचं ते अभ्यंगस्नानाच्या पहाटे, वाटीत, लागेल तेवढंच. कोकणात भेगाळलेल्या टाचांना लावतात ते कोकमाचं तेल, म्हणजे मुठेल, बियांतून काढलेलं आणि थंडीत दगडासारखं घट्ट. पाणी खेळवलेलं एक ठळक उदाहरण म्हणजे शतधौत घृत. तूप पाण्याने शंभर वेळा धुऊन केलेलं ते मलम पांढरं, हलकं, थेट आजच्या क्रीमसारखं लागतं. ते थोडंच करायचं आणि लवकर संपवायचं.

युरोपात क्रीमची परंपरा वैद्य गेलनपासून, दुसऱ्या शतकापासून सांगतात. मेण, गुलाब मुरवलेलं ऑलिव्ह तेल आणि त्यात घोटलेलं पाणी. पाणी उडताना त्वचेला गार वाटतं, म्हणून ते कोल्ड क्रीम. पण ते टिकायचं नाही, आणि पुढचा सगळा इतिहास या न टिकण्याशी झगडण्याचा आहे.

इथे मराठी फार कामाला येते. आपण खवट आणि नासलेलं हे दोन वेगळे शब्द वापरतो. खवटपणा हवेतल्या ऑक्सिजनमुळे तेलाला येतो. नासणं जंतूंचं, आणि त्यांना पाणी लागतं. औषधविक्रेते डुकराच्या चरबीत लोबान मुरवत, ते मुख्यतः खवटपणा रोखायला. 1872 मध्ये रॉबर्ट चेसब्रो यांनी व्हॅसलीनचं पेटंट घेतलं. हे खनिज तेलातून निघालेलं, खवट न होणारं. कोल्ड क्रीममध्येही वनस्पती तेलांच्या जागी खनिज तेल येत गेलं. नासण्यावरचा स्वस्त, बिनवासाचा उपाय आला तो 1920 च्या दशकात जर्मनीतून: पॅराबेन. पुढची कित्येक दशकं जगभरातली क्रीमं त्याच्या भरवशावर राहिली.

2004 मध्ये ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या फिलिपा डार्ब्रे आणि सहकाऱ्यांना स्तनाच्या गाठींच्या 20 नमुन्यांत पॅराबेन आढळली. त्यांच्यामुळे गाठी झाल्या, असं त्या अभ्यासाने सिद्ध केलं नव्हतं. पण भीती पसरली आणि ती समजण्यासारखी होती. कंपन्या पर्यायांकडे वळल्या. त्यातल्या मिथाइलआयसोथायाझोलिनोनने इतक्या लोकांना पुरळ आणलं की 2017 पासून युरोपीय संघात, लावून तसंच ठेवायच्या क्रीममध्ये त्यावर बंदी आहे. बाजारावरचा विश्वास असा दोनदा हलला. घरीच करू या, म्हणणाऱ्यांना मी म्हणूनच दोष देत नाही. मीही त्यांतलीच.

पण घरी परत आलो ते आजीच्या तेलाकडे नाही, गेलनच्या क्रीमकडे. 2020 च्या टाळेबंदीत मी कुंडीतल्या कोरफडीचा गर, गुलाबपाणी आणि बदामाचं तेल फेटून क्रीम केलं. टिकावं म्हणून ई जीवनसत्त्वाच्या चार कॅप्सूल फोडून घातल्या. नवव्या दिवशी झाकणाच्या आतल्या कडेला मोहरीएवढा करडा ठिपका होता, बोट लावलं तर मखमलीसारखा. वास मात्र छान गुलाबाचा. ई जीवनसत्त्व तेलाला खवट होऊ देत नाही, बुरशीला ते अडवत नाही. मी एका रोगाचं औषध दुसऱ्याला दिलं होतं. आणि ठिपका दिसेपर्यंतचे आठ दिवस ते क्रीम मी रोज तोंडाला लावत होते. दिसण्याआधीच जंतूंची संख्या खूप वाढलेली असते, आणि चिरलेल्या त्वचेवर किंवा डोळ्यांपाशी ते घातक ठरू शकतं.

नैसर्गिक संरक्षक म्हणून द्राक्षफळाच्या, म्हणजे ग्रेपफ्रूटच्या, बियांचा अर्क अजून सुचवला जातो. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठात 1999 मध्ये असे 6 अर्क तपासले. जंतू मारणाऱ्या पाचांत बेंझेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम रसायन निघालं. ज्या एकात काहीच मिसळलेलं नव्हतं, त्याने जंतू मारले नाहीत.

कारखान्यात क्रीममध्ये मुद्दाम जंतू सोडून 28 दिवस ते मरतात का हे मोजतात. स्वयंपाकघरात ही सोय नाही. म्हणून मी आता पाण्याचं काही साठवत नाही. मुठेल आणि मेण एकत्र वितळवून, कोरड्या डबीत ओतते, ओलं बोट आत घालू देत नाही. मुठेलात स्टिअरिक आम्ल भरपूर असल्याने ते सहसा लवकर खवटतही नाही. कोरफडीचं पान आंघोळीआधी कापते, कापल्या जागचा पिवळा चीक निथळू देते, गर लावते आणि उरलेला कुंडीत टाकते.