मॉर्मन पंथातील स्त्रियांचे याजकत्व

अमेरिकेत उगम पावलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती परंपरेत याजकत्व म्हणजे देवाच्या नावाने विधी करण्याचा व मंडळीचा कारभार पाहण्याचा अधिकार. त्याच्या अहरोनी (कनिष्ठ) व मलकीसदेकी (वरिष्ठ) अशा दोन श्रेणी आहेत. स्थानिक मंडळ्यांत पगारी पाद्री नसतात. पात्र ठरणाऱ्या प्रत्येक पुरुष सभासदाला साधारण बाराव्या वर्षापासून दीक्षा मिळते. त्यामुळे सॉल्ट लेक सिटी (युटा) येथील मुख्य शाखेत एकाच घरातल्या भावाला हा अधिकार लाभतो, बहिणीला नाही. इंडिपेन्डन्स (मिझुरी) येथील शाखा मात्र १९८५ पासून स्त्रियांनाही दीक्षा देते.

स्त्रियांना याजकत्व मिळाले होते का, या वादाचे मूळ इलिनॉयमधील नॉव्हू येथे १७ मार्च १८४२ रोजी स्थापन झालेल्या ‘रिलीफ सोसायटी’ या स्त्रीसंस्थेच्या इतिवृत्तात आहे. ते चिटणीस इलायझा स्नो यांनी लिहिले. पंथसंस्थापक जोसेफ स्मिथ यांनी या संस्थेचे ‘याजकराज्य’ करण्याचा मानस बोलून दाखवल्याची नोंद ३० मार्चची आहे. २८ एप्रिलच्या नोंदीप्रमाणे त्यांनी देवाच्या नावाने किल्ली (अधिकाराचे प्रतीक) स्त्रियांकडे सोपवली. मंडळीच्या (म्हणजे सॉल्ट लेक शाखेच्या) पुढील अधिकृत इतिहासात मात्र किल्ली स्त्रियांच्या ‘वतीने’ फिरवली, असा फेरफार करून हे वाक्य छापले गेले. हा फेरफार किरकोळ मानता येत नाही. संस्थेच्या अध्यक्षा एमा स्मिथ यांच्या दीक्षेचा उल्लेख जोसेफ स्मिथ यांच्या जुलै १८३० च्या साक्षात्कारातही येतो. पण ती याजकपदाची दीक्षा नव्हती, असा खुलासा मंडळीचे वरिष्ठ नेते जॉन टेलर यांनी १८८० मध्ये केला.

इतिहासकार मायकेल क्विन यांनी १९९२ मध्ये वेगळीच मांडणी केली. त्यांच्या मते स्त्रियांना १८४३ पासून मंदिरविधींतून याजकत्व मिळालेलेच आहे, फक्त पदे मिळालेली नाहीत. इतिवृत्तावरून पददीक्षा सिद्ध होत नाही, हा मंडळीचा युक्तिवाद ग्राह्य वाटतो. मात्र एकोणिसाव्या शतकात स्त्रिया आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करीत, बाळंतपणापूर्वी गरोदर स्त्रीला तैलाभ्यंग करीत, आणि वरिष्ठांना ते मान्य होते, याला भरपूर पुरावा आहे. ही प्रथा हळूहळू आक्रसत गेली. १९४६ मध्ये प्रेषित (मंडळीच्या सर्वोच्च नेत्यांपैकी एक) जोसेफ फील्डिंग स्मिथ यांनी अशा वेळी याजकांनाच बोलवावे, असा सल्ला दिला. तेव्हा स्त्रियांचा धार्मिक अधिकार पूर्वी आजच्याहून व्यापक होता, एवढे निश्चित म्हणता येते.

सप्टेंबर १९९३ मध्ये क्विन व स्त्रीवादी लेखिका मॅक्सीन हँक्स यांच्यासह सहा जणांवर मंडळीने शिस्तभंगाची कारवाई केली. २०१३ मध्ये केट केली यांनी ‘ऑर्डेन विमेन’ (स्त्रियांना दीक्षा द्या) ही चळवळ सुरू केली. जून २०१४ मध्ये त्यांना मंडळीतून काढण्यात आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये प्रेषित डॅलिन ओक्स यांनी प्रतिपादन केले, की नेमून दिलेले काम करताना स्त्रियाही याजकत्वाचाच अधिकार वापरतात. पदांवरील नेमणूक मात्र ईश्वरी आदेशाने पुरुषांपुरती आहे. २०१९ पासून बाप्तिस्म्याला साक्षीदार म्हणून स्त्रियांना उभे राहता येते. प्यू या संशोधन संस्थेने २०११ मध्ये केलेल्या अमेरिकी मॉर्मनांच्या पाहणीत दीक्षेला विरोध करणाऱ्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण थोडे अधिकच आढळले. विरोध केवळ पुरुषांचा आहे, हा समज म्हणूनच टिकत नाही.

इंडिपेन्डन्स येथील शाखेत (२००१ पासून ‘कम्युनिटी ऑफ ख्राइस्ट’) वॉलेस बी. स्मिथ यांनी १९८४ मध्ये स्त्रीदीक्षेस अनुकूल साक्षात्कार मांडला. त्यावरून मोठी फूट पडली व दुरावलेल्यांनी स्वतंत्र मंडळ्या काढल्या. पहिल्या दीक्षा १७ नोव्हेंबर १९८५ रोजी झाल्या, १९९८ मध्ये दोन स्त्रिया प्रेषितपदी आल्या आणि २०२५ मध्ये स्टॅसी क्रॅम या शाखेच्या पहिल्या स्त्री संदेष्टा-अध्यक्ष झाल्या. जोसेफ स्मिथ यांचा वारसा सांगणाऱ्या जेम्स स्ट्रँग यांच्या अनुयायांच्या छोट्या शाखेत स्त्रियांना अहरोनी श्रेणीतील याजक व शिक्षक ही पदे देता येतात.