सहलीच्या पेटीतला बर्फ नक्की कशात संपतो?

उन्हाळ्यात सहलीला निघायचं म्हटलं की पहिली काळजी बर्फाची. पेटी जाड हवी, झाकण सारखं उघडू नका, उन्हात ठेवू नका, या सूचना आपण एकमेकांना देतोच आणि त्या योग्यही आहेत. पण सगळ्यांत जास्त बर्फ खातात त्या आपणच पेटीत भरलेल्या कोमट बाटल्या. थोडा हिशेब मांडला की हे लगेच पटतं.

० अंश सेल्सिअसच्या १ किलो बर्फाचं ० अंशाचंच पाणी व्हायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत १ किलो पाणी ० वरून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापलं असतं. वितळताना तापमान न वाढवता शोषली जाणारी ही उष्णता म्हणजे अप्रकट उष्मा. स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या सुमारास ती प्रयोगाने दाखवून दिली. त्यांनी सारख्याच वजनाचं गार पाणी आणि बर्फ एकाच खोलीत ठेवलं. पाणी अर्ध्या तासात जेवढं तापलं, तेवढं तापायला बर्फाला दहा तासांहून अधिक वेळ लागला. सहलीची पेटी चालते ती या एका गुणावर.

आता ५ लिटर पाणी किंवा सरबत घेऊ. ते ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायचं तर त्यातून सुमारे ५२० किलोज्यूल उष्णता काढावी लागते, म्हणजे दीड किलोहून थोडा अधिक बर्फ गेला. दुसरीकडे ५० लिटरची, ३ सेंटीमीटर जाड थर्माकोलची पेटी घ्या. बाहेर ३५ अंश आणि आत ५ अंश असताना तिच्या भिंतींतून तासाला साधारण १०० किलोज्यूल उष्णता आत झिरपते. त्यात बर्फ जातो ३०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे कोमट बाटल्यांनी भरल्याभरल्या जेवढा बर्फ संपवला, तेवढा संपवायला बाहेरच्या उष्म्याला पाच तास लागले असते!

झाकणाचं काय? पेटीतली सगळी हवा एकदा बदलली तरी ती जेमतेम ६० ग्रॅम भरते. ती गार करायला आणि तिच्यातल्या बाष्पाचं पाणी करायला दहा-पंधरा ग्रॅम बर्फ पुरतो. मुलांनी चार वेळा झाकण उघडलं म्हणून त्यांच्यावर ओरडण्याची खरंच गरज नाही. झाकण उघडंच राहिलं तर गोष्ट वेगळी.

त्यामुळे तयारी आदल्या रात्रीच सुरू व्हायला हवी. पेटीत जाणारी प्रत्येक वस्तू रात्रभर फ्रीजमध्ये राहू द्या. रिकामी पेटीसुद्धा घरातल्या सगळ्यांत गार जागी ठेवा. पाण्याच्या काही बाटल्या गोठवून घेतल्या तर बर्फही झाला आणि दुपारी प्यायला पाणीही. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून बाटली काठोकाठ भरू नका. बर्फाचा मोठा ठोकळा टिकतो जास्त, कारण त्याचा हवेला लागणारा पृष्ठभाग वजनाच्या मानाने कमी असतो. चुरा बाटल्यांना सगळीकडून बिलगतो, त्यामुळे त्या झटपट गार होतात, पण तो संपतोही लवकर. दिवसभरासाठी मी ठोकळाच निवडेन. गार हवा जड असल्याने खाली बसते, म्हणून थोडा बर्फ वरच्या बाजूलाही असू द्या.

वितळलेलं पाणी ओतून टाकण्याची अनेकांना घाई असते. फक्त बाटल्या असतील तर ते राहू द्या, कारण गार पाणी हवेपेक्षा कितीतरी चांगल्या प्रकारे उष्णता ओढून घेतं. खाण्याचे डबे मात्र घट्ट झाकणाचे हवेत. कच्चं मांस नेत असाल तर त्याची पेटीच वेगळी असावी.

हा सगळा खटाटोप निव्वळ थंडगार घोटासाठी नाही. ५ ते ६० अंश या पट्ट्यात जीवाणू भराभर वाढतात. पोषक अन्न आणि ऊब मिळाली तर काही जाती वीस मिनिटांत दुप्पट होतात. त्या वेगाने एक हजाराचे चार तासांत चाळीस लाख! शिवाय अन्न दूषित झालं तरी वास किंवा चव बदलेलच असं नाही. आपल्या हातांवर आणि नाकात सहज आढळणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू अन्नात विषद्रव्य सोडतो आणि ते पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. शिजवलेल्या भातात बॅसिलस सिरीयसचे बीजाणू तग धरून राहू शकतात, आणि भात कोमट राहिला की त्यांतून जीवाणू पुन्हा वाढू लागतात. म्हणून भात शिजवल्यावर पसरट भांड्यात लवकर निववा आणि फ्रीजमध्ये पूर्ण गार झाल्यावरच पेटीत ठेवा. नाशवंत पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नयेत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास.

गाडीने जात असाल तर पेटी डिकीत न ठेवता, जिथे एसीची हवा पोहोचते तिथे ठेवा. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतलं तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी वाढू शकतं आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. पोहोचल्यावर पेटी आधी उतरवून सावलीत ठेवा आणि वर जाड चादर टाका. चादरीत अडकलेली हवा बाहेरची उष्णता आत यायला अडवते.

उरलेलं अन्न परत न्यायचं की टाकायचं, हे ठरवताना पेटीत हात घालून पाहा. बर्फाचे खडे शिल्लक असतील आणि डबा त्यांना चिकटून बसलेला असेल, तर तो गारच राहिला आहे. नुसतं पाणीच उरलं असेल आणि तेही कोमट, तर आतलं नाशवंत अन्न टाकून द्या. जो डबा जेवणाच्या वेळी तासाहून जास्त उघड्यावर राहिला, तो पुन्हा बर्फात ठेवून उपयोग नाही.