उच्छ्वासावरून रोगनिदान करणारे नॅनो वायुसंवेदक

उच्छ्वासातील अत्यल्प वायू ओळखून शरीरातील बिघाडाचा माग काढण्यासाठी, नखाएवढ्या चकतीवर नॅनोपदार्थाचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात मोजल्या जाणाऱ्या कणांचा, पातळ थर बसवून तयार केलेले हे संवेदक होत. ठाणे शहरात नाकाबंदीच्या वेळी वाहतूक पोलीस चालकाला ज्या यंत्रात फुंकर मारायला लावतात, त्याच्याशी यांचे उद्दिष्टापुरते साम्य आहे. कामाची पातळी मात्र फार वेगळी आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम या कायदेशीर मर्यादेवर असलेल्या चालकाच्या उच्छ्वासात अल्कोहोल दर दहा लाख भागांत सुमारे ७५ भाग भरते, तर रोगनिदानासाठी लागणारे वायू दहा लाखांत एक-दोन भाग, काही वेळा अब्जात काही दहा भाग इतकेच असतात.

मधुमेह बळावलेल्या रुग्णाच्या तोंडाला येणारा पिकलेल्या फळासारखा वास, जो ॲसिटोन या वायूचा असतो, वैद्यांना फार पूर्वीपासून परिचित आहे. १९७१ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी उच्छ्वासात सुमारे २५० घटक असल्याचे दाखवून दिले आणि या अनुभवाला मोजमापाची जोड मिळाली. त्याआधी, १९६२ मध्ये, जपानमध्ये झिंक ऑक्साइडच्या पातळ थराचा विद्युत रोध वायूच्या संपर्काने बदलतो हे संशोधक सेइयामा यांनी प्रसिद्ध केले होते. आजच्या बहुतेक अर्धसंवाहक संवेदकांचे मूळ तिथे आहे.

टिन ऑक्साइडचा थर २०० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की हवेतील प्राणवायू त्याच्या पृष्ठभागाला चिकटतो व आतले इलेक्ट्रॉन खेचून घेतो, त्यामुळे थराचा रोध वाढतो. ॲसिटोनसारखा वायू आला की तो या प्राणवायूशी संयोग पावतो, अडकलेले इलेक्ट्रॉन परत सुटतात आणि रोध उतरतो. ही उतरण मोजली की वायूचे प्रमाण कळते. कण मोठा असेल तर बदल केवळ त्याच्या सालीपुरता राहतो. टिन ऑक्साइडचा कण सुमारे ६ नॅनोमीटरपर्यंत लहान केला तर मात्र तो आरपार प्रभावित होतो आणि संवेदनशीलता एकदम वाढते, आणि नॅनोपदार्थांचा आग्रह धरण्याचे खरे कारण हेच आहे. टंगस्टन ऑक्साइडच्या एका विशिष्ट स्फटिकरूपाला ॲसिटोनची विशेष ओढ असते व त्यात सिलिकॉन मिसळल्याने ते रूप टिकून राहते. कार्बनच्या नॅनोनलिका व ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका जाड थर) सामान्य तापमानालाही वायूला प्रतिसाद देतात, पण वायू निघून गेल्यावर ते मूळ स्थितीवर सावकाश येतात.

ॲसिटोन रक्तातील साखरेपेक्षा चरबीच्या विघटनाशी अधिक जुळतो, म्हणून कडक निर्जळी उपवास केलेल्या निरोगी व्यक्तीच्या उच्छ्वासातही तो वाढलेला आढळतो. रुग्णाने काय खाल्ले हे न विचारता घेतलेल्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. मूत्रपिंडाच्या विकारात अमोनिया वाढतो. दम्यात नायट्रिक ऑक्साइडची चाचणी प्रत्यक्ष वापरात आहे: प्रौढांमध्ये अब्जात २५ भागांपेक्षा कमी मूल्य श्वसनमार्गाची ॲलर्जीजन्य सूज असण्याची शक्यता कमी दाखवते, ५० पेक्षा जास्त मूल्य ती वाढवते.

खरी अडचण वायू शोधण्याची नसून त्याला पाण्याच्या वाफेपासून व भोवतालच्या हवेपासून वेगळे काढण्याची आहे. उच्छ्वास बाष्पाने जवळजवळ संपृक्त असतो आणि बाष्पही टिन ऑक्साइडच्या पृष्ठभागावर जागा अडवते. नवी मुंबईत जुलैमध्ये खोलीतली हवाच दमट असल्याने फुंकरीपूर्वीची आधाररेषा एका ठिकाणी असते. जानेवारीच्या कोरड्या दुपारी तोच संवेदक दुसऱ्या ठिकाणाहून सुरुवात करतो. कोरड्या नायट्रोजनमध्ये प्रयोगशाळेत मिळालेला उत्तम आकडा म्हणूनच पुरेसा पुरावा मानता येत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील आणि तळोज्यातील रंग, औषधे व रसायनांच्या कारखान्यांत वापरली जाणारी द्रावके (सॉल्व्हंट) श्वासावाटे कामगाराच्या रक्तात उतरतात व पाळी सुटल्यावरही काही तास उच्छ्वासातून बाहेर पडत राहतात. दवाखान्यात हाताला चोळलेले अल्कोहोलयुक्त जंतुनाशकसुद्धा वाचन बिघडवते, तर सिलिकोनची (रबरासारख्या वस्तूंत वापरल्या जाणाऱ्या संयुगाची, सिलिकॉनची नव्हे) वाफ संवेदकाला कायमचे निकामी करू शकते.

एकच संवेदक अनेक वायूंना थोडा थोडा प्रतिसाद देत असल्यामुळे वेगवेगळ्या आवरणांचे अनेक संवेदक एकत्र जोडून त्यांच्या प्रतिसादांचा नमुना संगणकाने ओळखण्याची पद्धत रूढ झाली आहे. इस्राएलमधील टेक्निऑन संस्थेत होसाम हाइक यांच्या गटाने २००९ मध्ये सोन्याच्या नॅनोकणांची अशी मांडणी वापरून फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण व निरोगी व्यक्ती यांच्या उच्छ्वासात फरक दाखवला. कर्करोगाचे निदान अजूनही ऊतिपरीक्षेवरच (बायोप्सी) ठरते. फुंकरीचा उपयोग झालाच तर कोणाला पुढील तपासणीसाठी पाठवावे हे ठरवणारी चाळणी म्हणून होईल.

नमुना घेताना पहिले सुमारे १५० मिलिलिटर सोडून द्यावे लागतात, कारण ही हवा तोंड व श्वासनलिकेतून येते आणि रक्ताशी देवाणघेवाण झालेली हवा त्यामागून येते. ज्या खोलीत चाचणी होते, तिथल्या हवेचेही वाचन त्याच वेळी घेऊन ते वजा करावे लागते, आणि कारखान्यातून थेट आलेल्या व्यक्तीला आधी स्वच्छ हवेत बसवून ठेवावे लागते.