ट्रॅम्पिंग

ट्रॅम्पिंग : न्यूझीलंडमधील डोंगराळ व अरण्यमय प्रदेशांत पाठपिशवी घेऊन, बहुधा एक वा अधिक रात्रींचा मुक्काम करून केलेले पदभ्रमण. मराठीतील ‘गिरिभ्रमण’ हा शब्द त्याला जवळचा आहे; मात्र शिखर गाठणे हे त्यात अनिवार्य नसते, आणि पूल नसलेल्या नद्या ओलांडणे हा त्याचा नित्याचा भाग असतो.

जड पावलांनी चालणे, पायी दूरवर भटकणे या अर्थांचे ‘ट्रॅम्प’ हे इंग्रजी क्रियापद जुनेच आहे. डोंगरातील छंदाचे नाव म्हणून ते न्यूझीलंडमध्ये स्थिरावले, तर शेजारच्या ऑस्ट्रेलियात ‘बुशवॉकिंग’ हा शब्द रूढ झाला. या छंदाच्या आरंभाविषयी एकमत नाही. पोऊनामू या हिरव्या दगडासाठी दक्षिण बेटावरील सदर्न आल्प्स ही पर्वतरांग ओलांडणाऱ्या माओरींच्या (न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या) वाटांपर्यंत काहीजण त्याची परंपरा मागे नेतात. परंतु ती वाटचाल गरजेची व व्यापाराची होती. दुसरे मत १८८८ मध्ये क्विंटन मॅकिनन याने दक्षिण बेटाच्या नैर्ऋत्येकडील मिलफर्डकडे जाणारी खिंड ओलांडली तेथून, किंवा १८९१ मधील न्यूझीलंड अल्पाइन क्लबच्या स्थापनेपासून, आरंभ धरते. पहिल्या घटनेतून वाटाड्यासह होणारे पर्यटन वाढले आणि दुसरीतून हिमशिखरांवरील आरोहण. सामान्य नोकरदारांनी आपल्या सुटीत, आपल्याच नेतृत्वाखाली केलेली भटकंती या मर्यादित अर्थाने १९१९ मध्ये वेलिंग्टन येथे स्थापन झालेला तारारुआ ट्रॅम्पिंग क्लब हाच आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक दिसते. फ्रेड व्होसेलर व संसद सदस्य विल्यम फील्ड हे त्याचे संस्थापक होत. माउंट हेक्टरवरून (१,५२९ मी.) तारारुआ रांग ओलांडणाऱ्या वाटेसाठी त्यांची खटपट मात्र पहिल्या महायुद्धापूर्वीच सुरू झालेली असल्याने १९१९ ही सीमारेषाही काटेकोर नव्हे. ऑकलंड, ओटागो इत्यादी ठिकाणचे क्लब १९२० च्या दशकात निघाले आणि १९३१ मध्ये त्यांचा महासंघ स्थापन झाला. १९३६ च्या कायद्याने आलेला चाळीस तासांचा कामाचा आठवडा शनिवार-रविवारच्या सहलींना पोषक ठरला असावा.

हिवाळी सहलींत हिमकुऱ्हाड व क्रॅम्पॉन (बर्फावर पकड यावी म्हणून बुटांना बांधायचे दातेरी साधन) लागतात आणि त्यांचे शिक्षण क्लबमधील अनुभवी सभासदही देतात. तथापि ट्रॅम्पिंगचे खरे कसब नदीपाशी दिसते. एकोणिसाव्या शतकात बुडून येणाऱ्या मरणाला ‘न्यूझीलंडी मृत्यू’ म्हणत, इतके ते सर्रास होते. नदी ओलांडण्याची जागा निवडताना पाण्याचा वेग, रंग, तळातील दगड गडगडल्याचा आवाज आणि पाय निसटल्यास प्रवाह कोठे नेईल, हे सर्व आधी पाहावे लागते. मग सहप्रवासी एका ओळीत उभे राहतात; प्रत्येकजण शेजाऱ्याच्या पाठीमागून, त्याच्या पाठपिशवीखालून हात घालून तिचा पट्टा वा त्याचे कपडे घट्ट धरतो. ओळ प्रवाहाला समांतर राहते आणि सर्वांत दणकट व्यक्ती प्रवाहाच्या वरच्या टोकाला असते. त्यामुळे पाण्याचा मारा प्रामुख्याने एकाच देहावर येतो, इतरांना त्याचा आडोसा मिळतो आणि त्यांच्या आधाराने पहिल्याचे पाय टिकतात. जुन्या पद्धतीत सर्वांनी मिळून एक लांब काठी आडवी धरली जाई. पूर आलेला असल्यास थांबणे हाच नियम आहे. सोमवारी कामावर हजर होण्याची घाई येथे सर्वांत घातक ठरते.

मुक्कामाच्या झोपड्या प्रथम क्लबांनी श्रमदानाने उभारल्या. तारारुआतील फील्ड हट १९२४ ची आहे. १९२२ मध्ये याच रांगेत वादळात सापडून मरण पावलेल्या एस्मंड काइम यांच्या नावाची झोपडी १९३० मध्ये, झाडोऱ्याच्या वरच्या उघड्या धारेवर बांधली गेली. हरणांच्या नियंत्रणासाठी वनखात्याने १९५० व १९६० च्या दशकांत बांधलेल्या अनेक झोपड्या पुढे पदभ्रमण करणाऱ्यांच्या उपयोगी पडल्या. १९८७ पासून संवर्धन विभागाकडे असलेल्या अशा झोपड्यांची संख्या नऊशेहून अधिक आहे. १९३३ मध्ये तारारुआत चौघेजण सुमारे दोन आठवडे बेपत्ता झाले असता मोठी शोधमोहीम निघाली. ते स्वतःच बाहेर आले, पण त्या अनुभवातून महासंघाने शोध व बचावकार्याची संघटित व्यवस्था उभी केली.