वीज गेल्यावर किती तास?

आपत्तीसाठी घरात एक पिशवी भरून ठेवावी आणि तीत टॉर्च, पाणी, औषधे व कागदपत्रांच्या प्रती असाव्यात, हा सल्ला योग्यच आहे. परंतु तो ज्याला भोंगा ऐकू येतो, जिना उतरता येतो आणि विजेवाचून दोन दिवस काढता येतात, अशा माणसाला गृहीत धरून दिलेला असतो. घरात दिव्यांग व्यक्ती असेल, तर पिशवीच्या आधी हिशेब करायला हवा.

घरी सतत प्राणवायू लागणाऱ्या व्यक्तीचेच पाहा. हवेतून प्राणवायू वेगळा काढणारा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो, त्यामुळे वीज गेली आणि त्याला बॅटरीची जोड नसली की सिलिंडर लावावा लागतो. ६८० लिटर प्राणवायू असलेला भरलेला सिलिंडर मिनिटाला २ लिटर या गतीने ३४० मिनिटे, म्हणजे साडेपाच तासांहून थोडा अधिक काळ पुरतो. गती ४ लिटर केली की तोच वेळ निम्म्यावर येतो. हे तास आधीच काढून सिलिंडरवर चिकटवून ठेवले, तर रुग्णाला केव्हा हलवायचे याचा निर्णय अंधारात, घाबरलेल्या मनाने घ्यावा लागत नाही.

श्रवणयंत्राच्या झिंक-एअर बॅटरीचे गणित वेगळे आहे. तिच्यावरची चिकटपट्टी काढताच हवा आत शिरते, रासायनिक क्रिया सुरू होते आणि यंत्र बंद असले तरी बॅटरी उतरत जाते. म्हणून राखीव बॅटऱ्यांच्या पट्ट्या काढून ‘तयारी’ करू नये.

धुराची सूचना देणाऱ्या नेहमीच्या यंत्राचा आवाज सुमारे ३,१०० हर्ट्झचा, म्हणजे कर्कश असतो, आणि वयोमानाने ऐकू येणे कमी होते ते नेमके अशा उंच पट्टीपासून. ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला आवाज अशा झोपलेल्या माणसांना अधिक खात्रीने जागे करतो. पूर्ण कर्णबधिर व्यक्तीसाठी गादीखाली ठेवायचे, थरथरणारे यंत्र लागते.

भूकंपात चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीने ब्रेक लावून, पुढे वाकून डोके व मान हातांनी झाकावी.

या सगळ्याचा सराव रात्री, दिवे मालवून करावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. त्या सरावात सूचना देण्याचे काम दिव्यांग व्यक्तीकडेच असू द्यावे, कारण उचलताना हात नेमका कुठे घालायचा आणि कोणता सांधा सांभाळायचा, हे तिलाच ठाऊक असते.