ग्लासभर प्यायचं बेरियम आणि चमचाभरात जीव घेणारं बेरियम

परवा आत्याचा फोन आला, आवाज चांगलाच घाबरलेला. गिळताना त्रास होतो म्हणून डॉक्टरांनी तिला बेरियमचा एक्स-रे सांगितलाय, आणि तिने मोबाईलवर शोधलं तर पहिल्याच ओळीत "विषारी धातू". "अरे, हे मला ग्लासभर प्यायला लावणारेत, आणि हे तर विष आहे म्हणे!" मी म्हटलं आत्या, तू वाचलंस ते खरंय आणि डॉक्टर सांगतायत तेही खरंय. फोनवर जमेल तेवढं सांगितलं, पण हा माझा इतका आवडता विषय आहे की नीट लिहूनच काढावंसं वाटलं.

पहिली गोष्ट, "बेरियम विषारी" हे वाक्यच अर्धवट आहे. कुठलं बेरियम ते विचारायला हवं. बेरियम क्लोराइड पाण्यात सहज विरघळतं, लिटरभर पाण्यात साडेतीनशे ग्रॅम तरी आरामात. बेरियम सल्फेट, म्हणजे आत्याला एक्स-रेसाठी प्यायला देणार ते, त्याच लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच मिलिग्रॅम विरघळतं. विष म्हणजे पाण्यात सुटा झालेला बेरियमचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू. तो सुटलाच नाही तर पोटात गेलेली पांढरी पूड एका बाजूने जाते आणि दुसऱ्या बाजूने जशीच्या तशी बाहेर पडते. बेरियमच्या अणूत 56 इलेक्ट्रॉन असल्याने ती एक्स-रे छान अडवते, म्हणून अन्ननलिकेचा आकार फोटोत उठून दिसतो.

आता शाळा-कॉलेजातली सल्फेटची टेस्ट आठवा. परीक्षानळीत बेरियम क्लोराइडचे थेंब टाकले की पांढरा साका येतो, मग सर सांगतात "विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाक, विरघळतो का बघ". आपण वहीत "अविद्राव्य" लिहून मोकळे होतो. पण ही पायरी म्हणजे आपलं जठरच आहे हो! जठरात तेच आम्ल असतं. साका सल्फेटचा असेल तर आम्लाने ढिम्म हलत नाही. कार्बोनेटचा असेल तर बुडबुडे येतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे बेरियम मोकळं राहतं. म्हणजे बेरियम कार्बोनेट पाण्यात फारसं विरघळत नसलं तरी पोटात गेल्यावर विष होतं, म्हणूनच ते पूर्वी उंदीर मारायला वापरायचे. आणि ते विदराइट नावाच्या खनिजाच्या रूपात निसर्गात तयारच मिळतं, तेव्हा "नैसर्गिक म्हणजे निर्धोक" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. 2003 साली ब्राझीलमध्ये एक्स-रेसाठीच्या बेरियम सल्फेटमध्ये कार्बोनेट राहून गेलं होतं आणि त्यात अनेक पेशंट दगावले. दोन्ही पुडी पांढऱ्याच, नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही.

पण सुटं बेरियम नेमकं करतं काय? हा माझा सगळ्यात लाडका भाग. आपल्या पेशींच्या आत पोटॅशियम भरपूर असतं, बाहेर रक्तात अगदी कमी, साधारण तीसपट फरक. हा फरक एक पंप टिकवतो, तो सतत 3 सोडियम बाहेर फेकतो आणि 2 पोटॅशियम आत ओढतो. आत गेलेलं पोटॅशियम परत बाहेर झिरपायला वेगळी दारं असतात, पोटॅशियम चॅनेल. या दाराची रचना रॉडरिक मॅकिनन यांनी 1998 मध्ये उलगडली आणि 2003 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दाराच्या अरुंद गळ्यात ऑक्सिजनचे अणू असे मांडलेले असतात की पोटॅशियमचा आयन अंगावरचं पाणी उतरवून त्यांच्यामध्ये बरोब्बर बसतो आणि पुढे सरकतो, सेकंदाला एक कोटीच्या घरात आयन जातात. आता बेरियमचा आयन आकाराने जवळजवळ पोटॅशियमएवढाच, त्रिज्या 1.35 आणि 1.38 अँगस्ट्रॉम, म्हणून गळ्यात सहज शिरतो. पण त्याच्यावर भार दुप्पट! त्यामुळे ऑक्सिजन त्याला घट्ट धरून ठेवतात आणि तो तिथेच अडकतो, कुलपात चुकीची किल्ली रुतून बसावी तसा. इकडे पंप मात्र चालूच. पोटॅशियम आत जातंय, बाहेर येत नाही, रक्तातलं पोटॅशियम धडाधड खाली येतं. आधी उलट्या, जुलाब, तोंडाभोवती मुंग्या, मग स्नायू लुळे पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायूही थांबू शकतात. क्लोराइडचे एक-दोन ग्रॅमसुद्धा जीवावर बेतू शकतात.

म्हणून उपायही याच तर्काने चालतो: शिरेतून पोटॅशियम, आणि पोटात अजून बेरियम असेल तर तोंडावाटे सल्फेटचा क्षार, म्हणजे तिथल्या तिथे साका. हे हॉस्पिटलचं काम आहे, घरी प्रयोग करत वेळ घालवू नका. आणि एक्स-रेनंतर "अंगातले जड धातू काढणारे" डिटॉक्स ज्यूस नि पायाला लावायच्या पट्ट्या विकणाऱ्यांना पैसे देऊ नका, रक्तात न गेलेलं बेरियम काढणार कुठून? भरपूर पाणी प्या, कारण ही पूड बद्धकोष्ठ करते. फक्त अन्ननलिकेला किंवा आतड्याला भोक पडल्याची शंका असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, मग ते दुसरं औषध वापरतात.

लॅबमध्ये क्लोराइड हाताळणाऱ्यांसाठी: ते दिसायला मिठासारखं आहे, त्यामुळे लेबल नसलेली बाटली ठेवूच नका. ग्लोव्ह्ज, गॉगल, पिपेट तोंडाने ओढायचं नाही, आणि धूळ उडू द्यायची नाही, कारण विद्राव्य बेरियमची हवेतली मर्यादा घनमीटरला अर्धा मिलिग्रॅम एवढीच आहे. सांडलं तर कोरडं झाडू नका, सोडियम सल्फेटच्या पाण्याने भिजवून पुसा. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही. त्यात सोडियम सल्फेट घाला, नितळ पाणी क्षणात दुधासारखं होतं. साका खाली बसू द्या, वरच्या नितळ पाण्यात सल्फेटचा आणखी एक थेंब टाकून बघा. गढूळ झालं तर बेरियम शिल्लक आहे, अजून सल्फेट घाला. नितळच राहिलं तर गाळा, आणि साका लेबल लावून घातक कचऱ्याच्या डब्यात टाका.